नावाखालच्या दोन रेघा

खुशालरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे कहकशाँला पुढे कबूल करावंच लागलं.

"माह्या रेघा जशाच्या तशा येतीन ना, पोरी?"

अकोल्याच्या बियाणे चौकशी कक्षात ती तेव्हा त्यांच्याच टेबलाशी, त्यांच्याच खुर्चीत बसली होती आणि ते बाजूला उभे होते. ज्या खुर्चीत माणसानं अकरा वर्षं काढली ती सत्तावीस वर्षांच्या पोरीनं न विचारता ओढून घेतली, तर कोणाच्याही नाकाला मिरच्या झोंबतील. कहकशाँला ते कळत नव्हतं असं नाही. तिला घाई होती, आणि घाईतल्या माणसाला दुसऱ्याचा मान दिसत नाही.

"तुमच्यापेक्षा चांगल्या येतील, काका," ती म्हणाली. "रेघ म्हणजे रेघ. त्यात काय एवढं?"

कक्षाचे साहेब मागंच उभे होते. ते हसले. खुशालराव हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या खुंटीची टोपी काढून डोक्यावर घातली, "बरं," म्हणाले, आणि चहाला गेले. त्या एका "बरं"मध्ये त्यांनी सगळं बोलणं गिळून टाकलं होतं. पण ते तिला त्या दिवशी कुठलं ऐकू यायला.

गोष्ट २००९ च्या खरिपाची. त्या खरिपात तेल्हारा तालुक्यात सोयाबीन उगवलंच नव्हतं. पाऊस पेरणीपुरता, वाफसा चांगला, आणि वावरात मात्र हातभर अंतरावर एखादं रोप. लोकांनी तक्रारी केल्या, आणि कृषी सहायक खुशालराव वावरा-वावरात जाऊन, एक मीटरची लाकडी चौकट जमिनीवर टाकून, तिच्यात किती रोपं आली ते मोजत फिरले. चारशे बारा पंचनामे झाले. ते त्यांनी कक्षातल्या जुन्या संगणकावर, काळ्या पडद्यावर, साध्या मजकुराच्या फाइलीत टंकून ठेवले. तक्ता काढायची सोय त्या यंत्रात नव्हती, म्हणून उभ्या रेघेसाठी दांडी आणि आडव्या रेघेसाठी ओळभर डॅश मारायचे. प्रत्येक नावाखाली एक आडवी ओळ. एक बोट, एक कळ, ऐंशी वेळा.

आता पुढची पेरणी तोंडावर आली असताना अमरावतीला सुनावणी लागली होती. बियाणे कंपनीचा वकील असले आडवेतिडवे कागद वाचायलाच तयार नव्हता. म्हणून चारशे बाराही पंचनाम्यांच्या नीट पीडीएफ करून द्यायचं काम कहकशाँकडे आलं. टिळक रोडवरच्या एका गाळ्यात तिचं दुकान होतं. अमरावतीला संगणकाचं शिक्षण, मग पुण्यात दोन वर्षं नोकरी. पुण्यात तिच्या "मले-तुले"ला हसले, म्हणून ती पुस्तकी मराठी शिकली. परत आली तर इथले लोक त्या पुस्तकी मराठीला हसायला लागले. तेव्हापासून ती कोणाशीच गोड बोलत नसे.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं, हे तिलाही मान्य होतं. जुन्या पडद्यावर प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं, म्हणून दांड्या एकाखाली एक यायच्या. नव्या फाँटात 'ळ' एवढा रुंद नि 'र' एवढासा, की सगळा तक्ता दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायचा. तेव्हा तिनं प्रोग्राम लिहिला. त्यानं आधी मजकूर ओळीओळीनं वाचायचा. दांडी दिसली की तो रकाना. सलग डॅश, बरोबरीची चिन्हं किंवा टिंबं दिसली की ती आडवी रेघ. मग अक्षरं एका बाजूला काढायची आणि रेघा पट्टीनं मारल्यासारख्या, सगळ्या एका जाडीच्या, पानावर नव्यानं ओढायच्या. चारशे बारा पंचनामे तिच्या प्रोग्रामनं सव्वा मिनिटात हातावेगळे केले. इतकी देखणी पानं त्या कक्षातून आजवर बाहेर पडली नव्हती.

या कामात तिचा स्वतःचा जीव अडकला होता, तो आयशाबीपायी. आयशाबी तिची सख्खी खाला, म्हणजे मावशी. तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यात चार एकर वावर, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. त्या जूनमध्ये पेरणीच्या दिवशी दीर वकारनं ऐनवेळी बैलजोडी दिली आणि माणूस दिला नाही. "आज कोणी मोकळं नाही, भाभी," म्हणाला. आयशाबीनं पदर खोचला आणि पेरणीची तिफण स्वतः हाकली. त्या गावात बाई बी सोडते, निंदते, वेचते, मरमर मरते. पण तिफणीला हात लावत नाही. आठ दिवसांनी वावर उगवलं नाही, तेव्हा बियाण्याच्या पिशवीकडे कोणी पाहिलं नाही. सगळ्यांनी आयशाबीच्या हाताकडे पाहिलं. वकार तर पारावर बसून सांगायचा, "मी वाफसा पाहून आठ दिवस उशिरा पेरलं, माह्यं पाहा कसं हिरवंगार उभं आहे. बाईनं तिफण हाकली, मंग काय उगवते?"

शेवटी घरातले बुजुर्ग नियाजचाचा मधे पडले. त्यांनी तोडगा काढला: सुनावणी होऊ द्या. आयशाची तक्रार मंजूर झाली तर दोष बियाण्याचा, वावर तीच वाहील. नामंजूर झाली तर पुढच्या खरिपापासून ते वावर वकार वाहील, आयशाला खाण्यापुरतं देईल. आयशाबीनं मान हलवली. दुसरं करणार काय होती?

"माही भाची कागद करून राहिली," ती गावात सांगत सुटली होती. "पाहाच आता."

*

अमरावतीच्या सुनावणीत वकिलानं ती पानं हातात घेतली आणि आधी कौतुक केलं.

"कागद फार सुंदर आहेत," तो म्हणाला. "लग्नाच्या पत्रिकेला लाजवतील. आता आपण एकशे सात नंबर पाहू."

एकशे सात नंबरला लिहिलं होतं: सोयाबीन, उगवण अकरा टक्के, पंचनामा सहा जुलै, प्रत्यक्ष पाहणी. वकिलानं त्याच गट नंबरच्या जमिनीचा फोटो काढून सुनावणी अधिकाऱ्यांसमोर ठेवला. तिथं सात वर्षांपासून वीटभट्टी होती.

"विटा अकरा टक्के उगवल्या, साहेब," वकील म्हणाला, आणि कंपनीची माणसं खो खो हसली. "हे सगळे पंचनामे कचेरीत बसून लिहिलेत. एक खोटा, तर चारशे बारा खोटे. तालुकाच्या तालुका बाद करा."

बाकांवर बसलेल्या शेतकऱ्यांत चुळबुळ झाली. खोटे पंचनामे झाले होते हे त्यांनाही माहीत होतं. ज्याची ओळख होती त्यानं आपलं नाव घुसवलं होतं. पण खऱ्यांतून खोटे वेगळे काढणार कसे? सगळी पानं एकसारखी दिसत होती. सुनावणी अधिकारी चिडले. त्यांनी कक्षाच्या साहेबांना उभं केलं, साहेबांनी कहकशाँकडे बोट दाखवलं, जणू वीटभट्टीत सोयाबीन तिनंच पेरलं होतं.

"पुढच्या गुरुवारपर्यंत खरे कोणते, खोटे कोणते ते दाखवा," अधिकारी म्हणाले. "नाही तर सगळे नामंजूर."

कहकशाँनं मान वळवली. मागच्या बाकावर खुशालराव बसले होते, आणि ते हसत होते. मोठ्यानं नाही, ओठ मिटून, आतल्या आत. तिच्या डोक्यात तिडीक गेली. हा माणूस आपला पाणउतारा बघायला अकोल्याहून इथवर आला, एवढंच तिला आधी वाटलं. पण तिकडे चारशे बारा माणसांचं वाटोळं होत असताना कोणी उगीच हसत नाही. याला काहीतरी ठाऊक आहे.

अकोल्याच्या एसटीत खिडकीशी बसून तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि खुशालरावांची मूळ फाइल काढली. एकशे सात नंबर. नावाखाली डॅशची ओळ नव्हती. ऐंशी बरोबरीची चिन्हं होती, म्हणजे दुहेरी रेघ. वरच्या एकशे सहाखाली साधी डॅशची. खालच्या एकशे आठखाली पुन्हा डॅशची.

बस मूर्तिजापूरला थांबली, सुटली, तिला पत्ता नव्हता. तिनं दहा ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला. त्याला एवढंच मोजायला सांगितलं, की कोणत्या तारखेला किती पंचनामे एकेरी रेघेचे आणि किती दुहेरी. उत्तर आलं, आणि तिनं तेच मोजणं पुन्हा एकदा करून पाहिलं. एकेरी रेघेचे पंचनामे एका दिवसात बाराच्या वर कधीच गेले नव्हते. माणूस पायी आणि फटफटीवर दिवसभरात तेवढीच वावरं पाहू शकतो. दुहेरी रेघेचे मात्र एकाच दिवशी तेवीस होते, चौदा गावांतले.

म्हातारा वावरात जाऊन आला की एक रेघ मारायचा. कचेरीत बसून, वरून सांगितलं म्हणून लिहिलं, की दोन. एकूण तीनशे एक्कावन्न एकेरी, एकसष्ट दुहेरी. त्यानं खोटं लिहायला कधी नकार दिला नव्हता, तेवढी छाती नव्हती. पण प्रत्येक खोट्याखाली खूण करून ठेवली होती. आणि ती खूण कहकशाँनं सव्वा मिनिटात पुसून टाकली होती. रेघ म्हणजे रेघ, म्हणे.

मग तिनं फाइलीत 'आयशाबी' शोधलं.

तीनशे चार नंबर. आयशाबी शेख. उगवण सात टक्के. खाली दोन रेघा.

 तिनं पडदा मिटला आणि अकोला येईपर्यंत उघडला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव अंगणात आरसा टेकवून दाढी करत होते. कहकशाँला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"या," म्हणाले. "पुण्याच्या बाई आल्या."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं काय?"

"रेघांचा असा अर्थ असेल हे मला स्वप्नात दिसणार होतं?"

"मी इचारलं व्हतं ना वं, जशाच्या तशा येतीन काय म्हणून! साहेबाच्या म्होरं तू म्हटलं, तुमच्यापेक्षा चांगल्या येतीन. आल्या ना चांगल्या? मंग कायले रडून राहिली?"

"माझा राग होता तर मला शिव्या द्यायच्या. चारशे माणसांवर का काढला?"

वस्तरा थांबला. अर्ध्या गालावर फेस तसाच. "आन् काय सांगतलं असतं? का बाप्पा, या एकसष्ट पंचनाम्यांसाठी साहेबानं चिठ्ठी धाडली आन् मी मुकाट टंकून देल्लं? दोन महिन्यांनी माही पेन्शन बसते. तुले काय, तू कागद करशीन, पैसे घेशीन, चालली जाशीन."

"मग गुरुवारी गप्पच बसा," कहकशाँ म्हणाली. तिला आता त्यांची बिलकूल दया येत नव्हती. "सगळे चारशे बारा खोटे ठरतील. आणि प्रत्येक पानावर खाली तुमचं नाव आहे, पाहणी करणारा म्हणून. तीनशे एक्कावन्न वावरं तुम्ही उन्हात तुडवलीत ना? तीही खोटी. अकरा वर्षांत तुम्ही घराबाहेर पाऊलच टाकलं नाही, असं लिहिलं जाईल. वकील हसेल. तुम्हालाही हसायला आवडतं."

हे बरोबर लागलं. खुशालरावांचा चेहरा फेसाच्या आतून लाल झाला.

"तीनशे एक्कावन्न," ते दातओठ खात म्हणाले. "एकूणएक. माह्या टाचा पाह्य, फुटल्या जाऊन जाऊन... कोण म्हंते मी गेलो नाही?"

"तुम्हीच सांगा मग गुरुवारी. रेघा मी परत आणते."

त्यांनी उरलेली दाढी उरकली, तोंड धुतलं, पंचानं पुसलं. मग एकदम शांतपणे, टोचायला म्हणूनच, विचारलं, "तुया मावशीची रेघ पाह्यली काय?"

तिनं नजर आरशाकडे वळवली.

"पाह्यली म्हणजे. तथी गेल्तो मी. पण वावरात पाय नाही टाकला. फटफटी बांधावर हुभी केली. संगतचा म्हणे, बाईनं तिफण हाकलेलं वावर, तथी काय मोजता? त्यानं सांगतलं सात टक्के, मी लिहिलं सात. न मोजता लिहिलं, म्हणून दोन रेघा." त्यांनी पंचा झटकला. "बदलून टाक. एकच तर ओळ आहे. बरोबरचे काढ, डॅश मार. तुया यंत्राले काय समजते? मी नाही सांगणार कोणाले."

हे दयेनं म्हटलेलं नव्हतं. तिनं एकदा तरी खोटं लिहावं, म्हणजे दोघं एका पंगतीत बसतील, एवढाच त्यांचा हिशोब होता. कहकशाँला तो लख्ख दिसला आणि तरीही तो सल्ला तिच्या मनात जाऊन बसला.

"आन् सगळी यादी वाचजो," ती वळली तशी ते मागून म्हणाले. "मावशीचंच नाव नको वाचू."

तिनं ते कानावर घेतलं नाही. या माणसाकडून आणखी एक टोमणा ऐकायची तिची तयारी नव्हती.

*

आयशाबी घराच्या ओट्यावर तूर पाखडत बसली होती. कहकशाँनं सगळं सांगितलं. इथं ती पुस्तकी बोलू शकली नसती. खालासमोर तिची जीभ आपोआप वळायची.

"ते वावरात आले व्हते काय, खाला? पाय टाकला काय?"

"बांधावर आले व्हते. वकार व्हता संगं, तो सायब वकारच्याच मांगं फटफटीवर बसून आला. नाल्याकडून आले दोघं. मी म्हटलं चला, दाखवते. तो सायब म्हणे, दिसलं अथूनच." आयशाबीनं सूप खाली ठेवलं. "मले वाटलं, दीर आहे, माह्यासाठी घेऊन आला."

"तुमच्या नावाखाली दोन रेघा आहेत."

"मंग एक पुसून टाक."

कहकशाँनं नकारार्थी मान हलवली.

"काहून? तुले येत नाही काय? साऱ्या तालुक्याच्या रेघा पुसल्या तेव्हा कोणाले इचारलं व्हतं तू? आता खालाची एक पुसताना हात कापून राहिला?" आयशाबीचा आवाज चढला. शेजारच्या ओट्यावरच्या बाया पाहायला लागल्या. "माह्यं वावर उगवलं नव्हतं हे खरं हाय का नाही? सात रोपं नव्हती मीटरभरात, पाचच व्हती, मी मोजली व्हती! मंग खोटं काय आहे त्यात?"

"ते खरं आहे, खाला. पण त्यांनी पाह्यलं, हे खरं नाही. मी एक रेघ बदलली आन् वकिलानं एक पकडली, तर साऱ्या तीनशे एक्कावन्नावर थुंकतीन."

"तीनशे एक्कावन्न!" आयशाबी म्हणाली. "त्यातलं कोणी तिफण हाकताना माह्या मदतीले आलं व्हतं काय?"

 आयशाबीनं सूप उचललं, पाखडायला लागली, आणि भाची उठून जाईपर्यंत तिनं पुन्हा वर पाहिलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या घरात कहकशाँ लहानाची मोठी झाली होती.

दुकानात येऊन तिनं प्रोग्राम दुरुस्त केला. तीन ओळींचा बदल: डॅश असतील तर एक रेघ ओढ, बरोबरीची चिन्हं असतील तर दोन. मग तिनं तीनशे चार नंबर उघडला. ऐंशी कळा मारायच्या होत्या. तिनं त्यातली एक मारलीही. बरोबरीच्या जागी डॅश. मग तिला खुशालरावांचा अर्ध्या फेसाचा चेहरा आठवला, स्वतःचाच संताप आला, आणि तिनं ते अक्षर होतं तसं करून ठेवलं. आपण फार मोठं सत्याचं काम केलं असं तिला वाटलं नाही. 

*

गुरुवारी सुनावणीला निम्मं गाव आलं होतं. पहिल्या बाकावर नियाजचाचा, त्यांच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वकार. "भाभीच्या केससाठी आलो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. आयशाबी दाराशी, एकटी. कहकशाँ आत आली तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

खुशालराव उभे राहिले आणि रेघांचा अर्थ त्यांनी सांगितला. साहेबाच्या चिठ्ठ्यांसकट सांगितला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. वकिलानं तासभर उलटतपासणी केली, म्हातारा हलला नाही. "खोटं लिहिलं, हो. खाली दोन रेघा मारल्या. जे एका रेघेचे हायत त्या वावरातलं ढेकूळ न् ढेकूळ मी पाह्यलं. चला, दाखवतो," हेच तो परत परत म्हणत राहिला. कहकशाँनं तारखांचा तक्ता पुढे केला. वीटभट्टीचं पान काढलं गेलं: दोन रेघा. वकिलानं वाटेल ती वीस पानं काढून पाहिली. ज्यावर त्याच्याकडे खोटेपणाचा पुरावा होता, त्या प्रत्येक नावाखाली दोनच रेघा निघाल्या.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "एकेरी मंजूर. दुहेरी नामंजूर," ते म्हणाले. "नावं वाचा."

लिपिक वाचत गेला. तीनशे चारपर्यंत यायला दुपार झाली.

"आयशाबी शेख. बियाण्याचा लॉट तीनशे चौदा. उगवण सात टक्के. दुहेरी. नामंजूर."

बाकांवरून एक कुजबुज गेली. वकारनं लांब श्वास सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, फार दुःखानं म्हणाला, "भाभी, मी तर तवाच म्हटलं व्हतं. तिफणीचं काम बाईचं नाही. आता वावराची फिकर सोडा तुमी." नियाजचाचांनी खाली पाहिलं. आयशाबी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कहकशाँला वाटलं, उठावं आणि इथून निघून जावं, कोणाचं तोंड पाहू नये.

लिपिकाला काय, तो पुढची नावं वाचतच होता. तीनशे नव्वदच्या पुढे उशिरा आलेल्या, तालुक्याला परस्पर दिलेल्या तक्रारी होत्या.

"तीनशे शहाण्णव. वकार शेख. गट नाल्यापलीकडचा. लॉट तीनशे चौदा. पेरणी चोवीस जून. उगवण नऊ टक्के. एकेरी. मंजूर."

 ज्याचं वावर हिरवंगार उगवल्याचं सारं गाव ऐकून होतं, त्याचं नाव तक्रारीत शोधायला जाणार कोण? कहकशाँनंही शोधलं नव्हतं. तिनं खुशालरावांकडे पाहिलं. ते तिच्याचकडे पाहत होते. सगळी यादी वाचजो, असं ते म्हणाले होते.

आयशाबीनं चौकट सोडली. ती बाकांच्या मधून सरळ पुढे आली.

"पुन्हा वाच बाप्पा," ती लिपिकाला म्हणाली. "हळू वाच."

लिपिकानं अधिकाऱ्यांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. त्यानं पुन्हा वाचलं. चोवीस जून. लॉट तीनशे चौदा. नऊ टक्के.

"वकारनं तर आठ दिवस उशिरा पेरलं व्हतं ना?" मागून कोणीतरी म्हणालं.

"ते दुबार पेरलेलं," खुशालराव बसल्या जागेवरून म्हणाले. "पहिलं मी मोजलं. चौकटी चार टाकल्या. त्यानंच नेलं मले फटफटीवर, गावात कोणाले सांगू नका म्हणे. तथूनच मंग या बाईच्या बांधावर आलो."

वकार उभा राहिला. "भाभी, माही गोष्ट आयका..."

"तुयी पिशवी आन् माही पिशवी एकाच दुकानातली, एकाच लॉटची," आयशाबी म्हणाली. ती ओरडली नाही. "माह्या हातानं उगवलं नाही, कारण मी बाई. मंग तुया हाताले काय झालं व्हतं, वकार?"

 पहिल्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, आणि मग ते हसू मागपर्यंत पसरलं. ते चांगलं हसू नव्हतं. वर्षभर हेच लोक आयशाबीला हसले होते, आणि आता त्याच तोंडांनी वकारला हसत होते. कहकशाँला त्या सगळ्यांचा राग आला, पण ते थांबावं असं तिला वाटलं नाही.

नियाजचाचा काठी टेकत उठले. वकारकडे न पाहता ते आयशाबीला म्हणाले, "वावर तुयं. पुढच्या खरिपात बी तूच वाहजो." मग थांबून, "बैलं मी पाठवीन," म्हणाले आणि बाहेर पडले. वकार त्यांच्यामागून गेला नाही. तो दुसऱ्या दारानं गेला.

सुनावणी संपल्यावर कहकशाँ पायरीवर उभी होती. आयशाबी खुशालरावांपाशी थांबली.

"औंदा पेरल्यावर या," तिनं त्यांना सांगितलं. "आन् बांधावर हुभे राहू नका. चप्पल काढून आत या."

खुशालरावांनी टोपी काढून हातात घेतली. "येतो," म्हणाले. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि त्यांची पेन्शन आता बसते की नाही कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मग आयशाबी भाचीजवळ आली. तिनं हात पुढे केला.

"वकारचं पान दे."

कहकशाँनं गठ्ठ्यातून तीनशे शहाण्णव नंबर काढून दिला. आयशाबीला वाचता येत नव्हतं. तिनं नावाखालच्या रेघेवर बोट फिरवलं, एकच आहे ना ते पाहिलं, आणि कागदाची घडी घातली.

"आता माह्यं दे."

"ते कायले, खाला? ते तर नामंजूर..."

"दे. माही बी रेघ खरीच हाय."

कहकशाँनं तेही पान दिलं. आयशाबीनं दोन्ही कागद एकत्र करून कमरेच्या पिशवीत खोचले आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. भाची मागून येते आहे की नाही, ते तिनं वळून पाहिलं नाही. कहकशाँ थोडा वेळ थांबली, मग दहा पावलं अंतर ठेवून तिच्या मागे निघाली.